लग्नपत्रिकेचा तास

निवृत्त झाल्यापासून लोक मला फार आदरानं विचारतात, "मॅडम, तुम्ही नक्की काय शिकवायच्या?" मराठी, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. गणिताच्या बाईंकडं कुणी असं बघत नाही. मराठी काय, येतंच की सगळ्यांना. त्याला बाई कशाला आणि बाईला पगार कशाला, हे तोंडावर म्हणत नाहीत एवढाच त्यांचा मोठेपणा. मग मी खुलासा करते की मुलांना वाचलेलं समजायला शिकवणं, हे माझं काम. यावर आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे? वाचलं की समजतंच ना?" हेच गृहस्थ जिन्यातली 'गुरुवारी पाणी येणार नाही' ही नोटीस मोठ्यानं वाचून गेले होते आणि गुरुवारी सकाळी अंगाला साबण लावून बाथरूममधून ओरडत होते. पण ते जाऊ द्या.

माझी बरीचशी नोकरी पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून आत गेलेल्या एका वाडीत झाली. शाळा सातवीपर्यंतची. आठवीला मुलं तिसगावला जायची, म्हणजे ज्यांना घरचे धाडायचे ती. मी राहायला नगरला. सकाळी एसटी, पुढं काळीपिवळी जीप, आणि जीपवाल्याची लहर फिरली तर पायी. शाळेला वाचनाची फार आवड. इतकी, की पुस्तकं फाटू नयेत म्हणून कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हरवू नये म्हणून ती मुख्याध्यापकांच्या घरी होती.

आता बाहेरच्या माणसासाठी आमच्या धंद्याची थोडी माहिती. परीक्षेत एक उतारा देतात आणि खाली प्रश्न. मुलाला उतारा समजला का, ते बघायचं असतं. पण समजणं हे वेळखाऊ काम. म्हणून आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या एक युक्ती चालत आली आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, बोट ठेवायचं, ते अख्खं वाक्य उचलून वहीत आणून ठेवायचं. मार्क पूर्ण. शिक्षक खूश, पालक खूश, वरचे साहेब खूश. समजायची गरज कुणालाच पडत नाही, त्यामुळं भांडणही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खणखणीत वाचन. साहेब तपासणीला आले की एक मूल उभं करायचं आणि त्यानं धडा घडाघडा वाचून दाखवायचा. जितकं जोरात आणि जितकं भरभर, तितकी शाळा प्रगत. आमच्याकडं या कामाला वैष्णवी होती. सातवीतली, दोन वेण्या, आवाज असा की पलीकडच्या रानात औतावरचा माणूस थांबायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम असल्या किरकोळ गोष्टींना ती थांबायची नाही. तिचे आजोबा, ज्यांना सारी वाडी तात्या म्हणायची, संध्याकाळी तिला पारावर घेऊन जायचे आणि म्हाताऱ्यांपुढं पेपर वाचायला लावायचे. नातीच्या तोंडून सोयाबीनचा भाव, कुणाचं निधन आणि पुढाऱ्याचा वाढदिवस एकाच दमात, एकाच सुरात निघायचं, आणि तात्या मिशीवरून हात फिरवायचे.

मी एकदा तिला थांबवलं आणि विचारलं, "वैष्णवी, आता जे वाचलंस त्यात काय होतं?"

ती माझ्याकडं दयेनं बघायला लागली. "मॅडम, मी वाचलं की. समजावून तुमी सांगायचं असतंय."

बरोबरच होतं तिचं. कामाची वाटणी इतकी स्वच्छ कुणी मांडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उतारा लिहिला. "झिंपट टुरकला की लवळी गरसटते. लवळी गरसटली की सारे खुमटे माळावर पसरतात." खाली प्रश्न: लवळी केव्हा गरसटते? सारे खुमटे कुठे पसरतात? वर्ग कामाला लागला. कुणी मान वर केली नाही, कुणी विचारलं नाही की बाई, हे काय लिहिलंय. सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर. मुख्याध्यापक फेरी मारायला आले, दोन वह्या हातात घेतल्या, "अक्षर सुधारा, बाकी छान" म्हणाले आणि पुढच्या वर्गावर गेले. मग मी विचारलं, "आता सांगा, खुमटे म्हणजे काय?"

वैष्णवी उभी राहिली आणि मला समज दिल्यासारखी म्हणाली, "मॅडम, ते उताऱ्यात दिलेलं न्हाई."

त्या दिवशी जीपमध्ये मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली. पण खरं सांगते, ते हसू टिकलं नाही. ही पोरं उद्या औषधाच्या बाटलीवरचं वाचतील, बँकेतलं वाचतील, कुणाकुणाची भाषणं ऐकतील, आणि वाक्य उचलून वहीत ठेवतील. मार्क पूर्ण.

पुस्तकं कुलपात. मग वाचायला आणायचं काय? घरात छापील असं काय काय आहे ते आणा, म्हटलं. खताची रिकामी पिशवी आली, गेल्या वर्षीचं कॅलेंडर आलं, आणि लग्नपत्रिका आल्या. दिवस लग्नसराईचे. एकेका घरातून गठ्ठाच आला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते हे खरं, पण आमच्या भागात नुसती मोबाईलवर पाठवली तर पाहुणा म्हणतो, आमाला बोलावनंच न्हाई. कागद हातात पडायलाच लागतो.

या पत्रिका वाचताना माझ्या लक्षात आलं, की सरकारनं एवढे तज्ज्ञ बसवून बनवलेल्या उताऱ्यात जे नसतं ते सगळं इथं आहे. वर देव, त्याखाली पुढारी, मग निमंत्रक, मग भावकी, मामे, आत्या, खाली चिल्लीपिल्ली आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. कुणाचं नाव ठळक, कुणाचं बारीक, कुणाचं पहिलं, कुणाचं कोपऱ्यात. छापखान्यात जाण्याआधी यावर घराघरांत रात्र रात्र खल चाललेला असतो. मी स्वतः नगरच्या ख्रिस्ती घरातली. आमच्या पत्रिकेवर देवाच्या फोटोऐवजी बायबलमधलं वचन असतं, बाकी रुसवेफुगवे तितकेच.

मग रोज शेवटचा तास पत्रिकेचा. नियम एकच. काहीही म्हणा, पण मी "कशावरून?" विचारलं की पत्रिकेवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर ती कुचाळकी, बोट ठेवता आलं तर ते आकलन.

पोरं सुरुवातीला बुजली. मग सुटली की हो! "मॅडम, ही नवरी मामाकडं वाढली." कशावरून? "निमंत्रक मामा हाय, आन वडलांच्या नावापुढं कैलासवासी." "मॅडम, हा मानूस इलेक्शनला उभा ऱ्हानार." कशावरून? "नवरदेवापेक्षा ह्याचा फोटो मोठा." एकीनं सांगितलं, की हे लग्न वेळेवर लागणार नाही आणि ते घरच्यांना आधीच ठाऊक आहे, कारण मुहूर्त साडेबाराचा आणि जेवण अकरापासून. मी इतकी वर्षं पत्रिका बघतेय, मला हे सुचलं नव्हतं. आणि सगळ्यांत पुढं वैष्णवी. घडाघडा वाचणं तिनं सोडून दिलं. पत्रिका समोर धरून गप्प बसायची, ओठसुद्धा हलायचे नाहीत, आणि मग काहीतरी असं बोलायची की बाकीची पोरं आ वासून बघायची. पुढं मी अवघड प्रश्न दिला. यात कोण असायला पाहिजे होतं आणि नाही?

तक्रारी यायला फार दिवस लागले नाहीत. एक गृहस्थ शाळेच्या दारातूनच ओरडत आले. त्यांच्या मुलीनं लग्नाच्या पंगतीत, चार पाहुण्यांत, स्वतःच्या चुलत्याला विचारलं होतं, "आप्पा, तुमचं नाव सगळ्यात खाली का घातलं?" आप्पांनी त्यापूर्वी पत्रिका नीट बघितलीच नव्हती. मग बघितली. मग पंगतीतून उठले. "मॅडम, पोरीला पुस्तकातलं शिकवा ना," गृहस्थ म्हणाले, "आमच्यातलं कशाला?" मुख्याध्यापकांनी मला बोलावून फार समजुतीनं सांगितलं, की धड्यातली माणसं कुणाचे पाहुणे नसतात, त्यामुळं धडा सुरक्षित असतो. मी हो म्हटलं आणि तास चालू ठेवला.

आणि मग तात्यांच्या घरात लग्न निघालं.

धाकट्या मुलाचं, म्हणजे वैष्णवीच्या काकाचं. तिसगावच्या छापखान्यातून कच्ची पत्रिका आली. आमच्याकडं ती छापायच्या आधी भावकीला जमवून वाचून दाखवतात. कुणाचं नाव राहिलं असेल तर तिथंच सांगायचं, मागाहून रुसायचं नाही, असा रिवाज. वाचायला अर्थातच वैष्णवी. ओसरी माणसांनी भरलेली, तात्या मधोमध लोडाला टेकून. तिनं सुरुवात केली, देव झाले, पुढारी झाले, भावकी झाली, आणि ती थांबली.

"तात्या, मंगलआत्याचं नाव न्हाई."

"फुडं वाच."

"काकाची सख्खी बहीन हाय ना ती?"

"फुडं वाच म्हनलं ना, वैष्णे!"

"वाचते. पन राहिलंय का घातलं न्हाई?"

हे सगळं मला मागाहून कळलं. आजी उठून आत गेली. मंगल ही तात्यांची मुलगी. नगरला शिकायला गेली आणि तिथंच आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीत. तेव्हा वैष्णवी जेमतेम चालायला लागली होती. त्या दिवसापासून त्या घरात मंगल हे नाव तात्यांच्या देखत कुणी उच्चारलं नव्हतं, आजीनं नातीला गुपचूप सांगितलं असेल तेवढंच, आणि या पोरीनं ते सगळ्या भावकीपुढं, आपल्या त्या आवाजात उच्चारलं.

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"मॅडम, पोरगी लई चांगलं वाचायची. तुमी बिघडिवली."

"तात्या, आता ती समजून वाचते."

"तेच म्हनतोय मी," तात्या म्हणाले. "सातवी झाली, बास झालं. तिसगाव-बिसगाव काय न्हाई आता."

बाकीच्या पोरांचं ठीक आहे, कुणी जाईल, कुणी न जाईल; सगळ्यांसाठी सारखंच तळमळायला मी काही साध्वी नाही. पण ही पोर? अख्ख्या नोकरीत वाचलेलं असं आतपर्यंत समजणारी मुलगी मला एकच मिळाली होती, आणि तिची शाळा बंद होणार ती तिला समजतं म्हणून. समजलं नसतं तर तात्यांनी तिला आनंदानं कॉलेजपर्यंत धाडलं असतं.

मी त्यांच्या घरी गेले. तात्यांनी चहा दिला, पोहे दिले, माणूस रीतीला चुकणारा नव्हता. मी म्हटलं, तात्या, मुलींना एसटीचा पास फुकट आहे. "पास फुकट हाय, अब्रू न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, वाडीतल्या आणखी मुली जातात, सोबत आहे. ते म्हणाले, "सोबत हुतीच की. एक गेल्ती शिकायला नगरला. तिचं फुडं काय झालं, ते तुमच्या पोरींनी पत्रिकेतनं वाचून सांगितलंच असंल तुमाला." माझ्याकडं बोट ठेवायला काही नव्हतं. वैष्णवी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती, आणि मी तिच्याकडं न बघता उठले. जीपमध्ये मला रडू आलं. दुःखानं नाही, रागानं. आणि थोडा राग माझ्याच 'कशावरून'चा.

सुट्टी लागायच्या दिवशी वैष्णवी माझ्याकडं आली. हातात दोन पत्रिका, पाकिटातल्या. एक माझ्या नावाची. दुसरीवर लिहिलं होतं, सौ. मंगल, आणि नगरचा पत्ता, एमआयडीसीच्या बाजूचा. अक्षर वैष्णवीचं. त्यात नवल नव्हतं, घरातली सगळी पाकिटं तिलाच लिहायला लावली होती.

"तुमी नगरला ऱ्हाता ना मॅडम? एवढी पोचवा."

"तात्यांनी दिली?" मी विचारलं. मला खरंच आनंद झाला.

"घरातलीच हाय मॅडम," ती म्हणाली. "पत्ता आजीनं सांगितला."

आता बघा. जी बाई वर्षभर पोरांना शिकवते की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं का ते तपासा, त्या बाईला एवढंही दिसलं नाही की आपल्या प्रश्नाचं उत्तर आलेलंच नाही. उलट तात्या विरघळले, आणि ते माझ्या चहापोह्यांच्या भेटीनं विरघळले, अशी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसऱ्याची पत्रिका म्हणून उघडून बघितली नाही. रविवारी रिक्षा करून गेले. दार मंगलनंच उघडलं. कणकेचे हात, तसेच पदराला पुसले आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. ती पाकिटावरचं नाव बघत राहिली आणि म्हणाली, "तात्या बरे आहेत ना?" बरे आहेत, म्हटलं. चहाला थांबा म्हणत होती, पण तिला पाकीट एकटीनं उघडायचं असणार, एवढं तरी मला समजलं. मी निघाले.

लग्नाला मला जाता आलं नाही, कारण नेमकं त्या दिवशी नगरला आमचं प्रशिक्षण होतं. विषय: वाचन आकलन कौशल्ये. मार्गदर्शकांनी पडद्यावर दिसणारं प्रत्येक वाक्य आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्हाला वाचता येतं की नाही याची त्यांना खात्री नसावी. दुपारी एक उतारा दिला आणि खाली प्रश्न. जेवण जड झालं होतं. सगळ्या शिक्षकांनी प्रश्नातला शब्द शोधला, बोट ठेवलं आणि वाक्य उचलून कागदावर ठेवलं. सगळ्यांना 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. मलाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात तात्या फेटा बांधून आले, मागं वैष्णवी. मुख्याध्यापकांना म्हणाले, "हिचा दाखला द्या. तिसगावला घालायचीय आठवीला."

मुख्याध्यापक रजिस्टर आणायला आत गेले. मी पुढं होऊन म्हटलं, "तात्या, तुम्ही तर नको म्हणाला होता."

"मग काय करू? घरात ठिवली तर रोज कुनाचं ना कुनाचं काय तरी वाचून काढनार. त्यापरीस तितल्या मास्तरांचं वाचू दे." वैष्णवीला त्यांनी बाहेर पिटाळलं. "जा, पानी पिऊन ये." ती गेल्यावर या वेळी खुर्चीत बसले. फेट्याचा शेमला चाचपला. मग आवाज उतरवून म्हणाले, "मंगल आल्ती लग्नाला."

"बरं झालं की, तात्या. तुम्ही पत्रिका पाठवलीत, फार बरं केलंत."

"मी?" तात्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "मी कुठं पाठिवली? तुमीच नेली म्हनं नगरला."

तात्या पुढं बोलत राहिले, माझ्याशी कमी आणि समोरच्या भिंतीशी जास्त.

"अक्षता पडल्या आन मंडपात समोर उभी. मी म्हनलं, हिला बोलावलं कुनी? उठून हाकलनारच हुतो. तर हातात पत्रिका. फुडं धरली माझ्या. भावकीच्या नावांच्या खाली निळ्या पेनानं लिवलेलं, सौ. मंगल, नवरदेवाची बहीन. अक्षर बघितलं आन वळखलं. सगळी पाकिटं वैष्णवीनंच लिवलेली, मला काय अक्षर कळत न्हाई व्हय?"

"मग?"

"मंगल म्हनली, तात्या, माझं नाव छापायचं राहिलं तर तुमी हातानं घालून पाठिवलं. आन पडली पायावर. रडाया लागली. सगळी भावकी बघतीय, हिची आजी बघतीय, आन ही पोरगी खांबामागं उभी, तोंड पांढरं फटक." तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. "मी काय सांगनार, मॅडम? व्हय म्हनलो."